एंझाइमाचे विद्युत् अग्र

लखनौच्या वायव्येस सुमारे २५ किलोमीटरांवर मलिहाबाद हे गाव आहे. तेथून काकोरीपर्यंतचा प्रदेश म्हणजे दशहरी आंब्याची जवळजवळ सलग बागच होय. ज्या झाडापासून ही जात पसरली असे मानतात, ते जुने झाड काकोरीजवळच्या दशहरी गावात दाखविले जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोहोर फुटला की त्यावर तुडतुडे उतरतात. हे कीटक मोहोरातील रस शोषून घेतात. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या चिकट गोड स्रावावर काळी बुरशी धरते आणि हंगाम हातचा जातो. म्हणून बागवान कीटकनाशकाची फवारणी करतो. एकदा करून भागत नाही, म्हणून पुन्हा करतो.

जूनमध्ये आंबा उतरविला जातो, तेव्हा त्या औषधाचा किती अंश फळावर उरलेला असतो? याचे खात्रीचे उत्तर वायुवर्णलेखनासारख्या पद्धतींनी मिळते. त्यासाठी फळाचा अर्क काढावा लागतो, तो शुद्ध करावा लागतो, महागडे यंत्र व ते हाताळणारा तज्ज्ञ लागतो. एवढे सारे होऊन उत्तर हाती येईपर्यंत तो आंबा मंडईतून घरी आणि घरातून पोटात गेलेला असतो. बागेच्या बांधावरच हे उत्तर देऊ शकेल असे साधन शोधताना शास्त्रज्ञांचे लक्ष एंझाइमांकडे वळले, यात नवल नाही.

एंझाइमे ही सजीवांच्या शरीरातील विक्रिया घडवून आणणारी प्रथिने होत. प्रत्येक एंझाइम ठराविकच पदार्थ ओळखते. या निवडक स्वभावाचा उपयोग मापनासाठी करण्याची कल्पना अमेरिकेतील लेलंड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली मांडली. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम विद्युत् अग्रावर पातळ पटलाखाली कोंडून ठेवावयाचे. रक्तातील ग्लुकोज त्याच्यापर्यंत पोहोचले की ऑक्सिजन खर्च होतो, आणि हा खर्च विद्युत् प्रवाहाच्या रूपाने मोजता येतो. मधुमेहाचे रुग्ण घरोघरी वापरतात त्या पट्ट्यांचे मूळ येथे आहे.

मात्र क्लार्क यांच्या योजनेत एंझाइम आणि धातू यांचा प्रत्यक्ष व्यवहार होत नव्हता. ऑक्सिजन मध्यस्थ होता. याचे कारण एंझाइमाच्या रचनेत आहे. ग्लुकोज ऑक्सिडेजचे विक्रियाकेंद्र प्रथिनाच्या वेटोळ्यात खोल दडलेले असते. ग्लुकोजपासून सुटलेले इलेक्ट्रॉन तेथे जमतात खरे, पण एक-दोन नॅनोमीटरांहून अधिक अंतर त्यांना सहज ओलांडता येत नाही. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश.) विहिरीच्या तळाशी पाणी आहे, पण पोहरा नाही, अशी ही स्थिती होती. १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये फेरोसीन या लोहयुक्त संयुगाचा पोहरा करण्यात आला आणि १९८७ मध्ये पेनाएवढे ग्लुकोजमापक बाजारात आले.

पुढची पायरी म्हणजे पोहऱ्याऐवजी नळच बसविणे. जेरूसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील इतामार विलनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली १.४ नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा कण एंझाइमाच्या केंद्रालाच जोडला. ऑक्सिजनच्या साहाय्याने हे एंझाइम सेकंदाला सुमारे ७०० वेळा इलेक्ट्रॉन देते. सोन्याच्या कणामार्फत हा वेग सुमारे ५,००० वर गेला. कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकाही या कामी येतात. १९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या लेखामुळे प्रसिद्धीस आलेल्या या नलिका वीज उत्तम वाहून नेतात, आणि त्यांच्या जाळ्यामुळे अग्राचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढून अधिक एंझाइम मावते.

आंब्यावरील कीटकनाशक मोजताना मात्र युक्ती उलटी करावी लागते. येथे ॲसिटिलकोलीनएस्टरेज हे एंझाइम घेतात. मज्जातंतूंचा संदेश पोहोचला की संदेशवाहक रसायन तत्काळ मोडून टाकण्याचे काम ते करते, आणि ते किड्यात असते तसेच माणसातही असते. ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट वर्गांतील कीटकनाशके नेमके हेच एंझाइम बंद पाडतात. म्हणून जे किड्याला मारते ते माणसालाही सोडत नाही. अग्रावरील या एंझाइमाला त्याचे गंधकयुक्त खाद्य दिले की थायोकोलीन तयार होते व त्याच्या ऑक्सिडीभवनाने प्रवाह वाहतो. फळाच्या अर्कात कीटकनाशक असेल तर प्रवाह घटतो. किती घटला, यावरून विषाचा अंदाज येतो.

साध्या अग्रावर थायोकोलीनच्या ऑक्सिडीभवनासाठी बराच विद्युत् दाब द्यावा लागतो, आणि त्या दाबाला आंब्यातील क जीवनसत्त्वही ऑक्सिडीभूत होऊन खोटा प्रवाह देते. कार्बन नलिकांच्या अग्रावर हे काम पुष्कळ कमी दाबात होते व ही भेसळ कमी होते. तरीही काही उणिवा राहतातच. मॅलॅथिऑन, डायमिथोएट यांसारखी औषधे मूळ रूपात या एंझाइमाला फारशी बाधत नाहीत. आधी त्यांचे ऑक्सिडीभवन करावे लागते. शिवाय विष कोणते, हे पट्टी सांगत नाही. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे बागांतील औषधेच बदलत आहेत. तुडतुड्यांवर पूर्वी वापरले जाणारे कार्बारिल हे कार्बामेट २०१८ च्या आदेशाने भारतात बंद झाले; इमिडाक्लोप्रिडसारखी नवी औषधे एंझाइमाला न शिवता मज्जातंतूवरील ग्राहकस्थानावर हल्ला करतात. त्यांच्यापुढे ही पट्टी आंधळी ठरते.

फवारणी करणाऱ्या माणसासाठी मात्र तिचे मोल निराळे आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेटची बाधा झालेल्याच्या रक्तात कोलीनएस्टरेजचे कार्य मंदावलेले असते, आणि याच तत्त्वावरील अग्राने ते थेंबभर रक्तात मोजता येते.

अशीच दोन अग्रे समोरासमोर ठेवली तर वीजही मिळते. एकावरील एंझाइम ग्लुकोजपासून इलेक्ट्रॉन काढून घेते, दुसऱ्यावरील एंझाइम ते ऑक्सिजनला देऊन पाणी तयार करते. दुसऱ्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या लॅकेजचा शोध योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली रोगणाच्या झाडाच्या चिकात लावला. हे झाड आंबा, काजू व बिब्बा यांच्याच कुळातले आहे! २००३ साली ॲडम हेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सात मायक्रोमीटर जाडीच्या दोन कार्बनतंतूंवर एंझाइमे बसवून ते द्राक्षात खोचले. सालीजवळ ऑक्सिजन अधिक, म्हणून तेथे सुमारे २.४ मायक्रोवॉट वीज मिळाली. गाभ्याशी त्याहून बरीच कमी. एक लहानसा दिवा लावण्यासही अशी हजारो द्राक्षे लागतील. बॅटरीवाचून चालणाऱ्या छोट्या मापकाला मात्र एवढी वीज उपयोगी पडू शकते.

या सर्व साधनांचे दुखणे एकच आहे: एंझाइम उष्णतेने मरते. कोरडे करून थंड ठिकाणी ठेवले तर ते बरेच दिवस टिकते. पण दशहरी उतरविण्याच्या दिवसांत मलिहाबादला पारा ४० अंशांपलीकडे जातो. उन्हाने मेलेले एंझाइम आणि विषाने मेलेले एंझाइम पट्टीवर सारखेच दिसते. त्यामुळे निर्दोष आंबाही विषारी ठरू शकतो. हे टाळण्यासाठी त्याच गठ्ठ्यातील दुसरी पट्टी नुसत्या स्वच्छ द्रावणात बुडवून आधी पाहावी लागते. तिने पुरता प्रवाह दिला तरच फळावरचे माप ग्राह्य धरावयाचे.