रनफ्लॅट टायर पंक्चर: दुरुस्ती करायची की नवा टाकायचा?



आजचा विषय टायर-पंक्चरचं दुकान टाकलेल्या किंवा टाकायच्या तयारीत असलेल्या मंडळींसाठी आहे. दारात एखादी बीएमडब्ल्यू किंवा मिनी येऊन उभी राहते. ड्रायव्हर म्हणतो, "डॅशबोर्डवर टायरचा दिवा लागलाय, पंक्चर पटकन काढून द्या." टायर बघावा तर तो ताठ उभा. खिळा दिसतोय. दुकानातला मुलगा स्ट्रिप आणि सोल्यूशन घेऊन धावतो. त्याला तिथेच थांबवा.

आधी साइडवॉल वाचा. रनफ्लॅटची खूण प्रत्येक कंपनीची वेगळी असते. ब्रिजस्टोनवर आरएफटी, मिशेलिनवर झेडपी, कॉन्टिनेन्टलवर एसएसआर, गुडइयरवर आरओएफ. बीएमडब्ल्यूसाठी बनलेल्या टायरवर आरएससी असंही दिसेल. ही अक्षरं मुलांना पाठ करून घ्या, कारण लांबून हा टायर साध्या ट्यूबलेससारखाच दिसतो.

फरक आत आहे. साध्या टायरमधली हवा गेली की साइडवॉल दुमडते आणि गाडी रिमवर येते. रनफ्लॅटच्या साइडवॉलमध्ये टणक रबराचा जाड थर असतो, त्यामुळे हवा नसली तरी ती गाडीचं वजन पेलते. बहुतेक कंपन्या याची मर्यादा ताशी 80 किलोमीटरच्या आत आणि साधारण 80 किलोमीटर अंतर अशी सांगतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघायचा. म्हणजे मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, जो 94.5 किलोमीटरचा आहे, तोसुद्धा त्यात पूर्ण होत नाही. पण गिऱ्हाइकाला एवढंच माहीत असतं की "हा टायर पंक्चर झाला तरी चालतो".

चालतो, पण त्याची किंमत मोजून. हवेविना धावताना चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल दबते, सुटते, तापते. आतलं रबर आणि दोऱ्यांचे थर कमजोर होतात. खिळ्याचं भोक तीन-चार मिलिमीटरचं आणि मधोमध, खरं नुकसान मात्र बाजूच्या भिंतीत. बाहेरून टायर नव्यासारखा दिसू शकतो. म्हणून या टायरच्या बाबतीत भोक केवढं आहे हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा की तो हवेविना धावलाय का, आणि किती.

याचं उत्तर तुम्हाला तीन ठिकाणी मिळतं. एक, गेजवर. खिळा उपसायच्या आधी हवा मोजा. 32 हवी तिथे 24-25 असेल तर गळती हळू आहे, टायर बहुधा रिकामा धावलेला नाही. शून्याच्या आसपास असेल तर सावध व्हा. दोन, ड्रायव्हरकडून. दिवा कधी लागला, कुठून आलात, मध्ये कुठे हवा भरली का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. लोक रिकाम्या टायरवर तीस-चाळीस किलोमीटर येतात, पेट्रोल पंपावर हवा भरतात आणि तुमच्या गेजवर आकडा झकास दिसतो. मालक आणि ड्रायव्हर वेगळे असतील तर ड्रायव्हर अंतर कमी सांगण्याची शक्यता धरून चाला. त्याला नोकरी टिकवायची असते.

तीन, आणि निकाल इथेच लागतो: टायर रिमवरून उतरवून आत बघणं. आत काळी रबराची भुकटी सांडलेली आहे का? खांद्याजवळ, म्हणजे ट्रेड आणि साइडवॉल मिळतात तिथे, आतल्या अस्तराला सुरकुत्या, घासल्याची गोलाकार रेघ किंवा निळसर-करडा डाग आहे का? बाहेरच्या बाजूला रिमच्या कडेपाशी रबर घासलंय का? यातलं काहीही दिसलं तर टायर बाद. गिऱ्हाईक कितीही गयावया करो.

आत सगळं स्वच्छ असेल तरच पुढचे नियम. छेद ट्रेडच्या मधल्या भागातच हवा. खांद्यावर किंवा साइडवॉलवर असेल तर दुरुस्ती नाही. छेद 6 मिलिमीटरपेक्षा मोठा नको. ट्रेडची खोली कायद्याच्या 1.6 मिलिमीटरच्या जवळ आली असेल तर पॅचवर पैसे घालण्यात अर्थ नाही. दुरुस्ती करायची तर आतून मशरूम पॅच. बाहेरून घातलेली स्ट्रिप नाही, कारण स्ट्रिप मारायची म्हणजे आत न बघताच निर्णय घ्यायचा.

आता कंपन्यांचं म्हणणं. काही टायर कंपन्या रनफ्लॅटची दुरुस्ती अजिबात मान्य करत नाहीत. काही अटींवर करू देतात, तीही बहुधा एकदाच. त्यामुळे ज्या ब्रँडचा टायर समोर आहे त्याच्या डीलरला फोन करून विचारा आणि जे सांगितलं ते वहीत लिहून ठेवा. दहा-बारा टायरमध्ये तुमची स्वतःची यादी तयार होईल.

मशीन नसेल तर काम घेऊ नका

रनफ्लॅटची साइडवॉल इतकी कडक असते की साध्या टायर चेंजरवर बीड सुटत नाही. हेल्पर आर्म असलेलं मशीन लागतं. ओढाताण केली की अलॉय रिमला ओरखडा पडतो, बीड फाटतो किंवा व्हॉल्व्हला लागून असलेला प्रेशर सेन्सर तुटतो. तो भरून द्यायचा म्हणजे आठवड्याची कमाई गेली. सुरुवातीला हे मशीन घेण्याइतकी गिऱ्हाइकं नसतील तर शहरातल्या मोठ्या टायरवाल्याशी बोलून ठेवा. चाक काढायचं, त्याच्याकडे पाठवायचं, ने-आण आणि बॅलन्सिंगचे पैसे आपण घ्यायचे. यात कमीपणा काही नाही.

पैशाचं गणित नीट बघा. समजा मशरूम पॅचचे तुम्ही 600 रुपये घेता आणि 20,000 च्या टायरवर 1,500 सुटतात. मग "बदला साहेब" म्हणायचा मोह होणारच. उलट बाजूला, गिऱ्हाईक तुटेल या भीतीने बाद टायरलाही पॅच मारला जातो. दोन्हींवर मला पटलेला उपाय एकच: तपासणीची फी वेगळी लावा. "टायर उतरवून आत बघायचे 500, निकाल काहीही लागो," हे जॅक लावायच्या आधी सांगायचं. म्हणजे तुमची मजुरी निकालावर टांगलेली राहत नाही. काही जण एवढं ऐकून निघून जातील. जाऊ द्या.

आतला डाग दिसला की मोबाईलवर फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲप करा. बिलावर अंतर, हवेचा आकडा आणि "दुरुस्तीस अयोग्य" असं स्पष्ट लिहा.

नवा टाकताना एकाच ॲक्सलवर एक रनफ्लॅट आणि एक साधा अशी जोडी लावू नका. "चारही साधे टाका, स्वस्त पडतील" असं गिऱ्हाईक म्हणालं तर गाडीत स्टेपनी आहे का ते विचारा. रनफ्लॅटवर येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत ती नसतेच. साधे टायर घातल्यावर रात्री घाटात पंक्चर झालं तर निदान पंप आणि रिपेअर किट तरी डिकीत हवं. ते तुम्हीच विका.

राहिला बाद टायर. तो बाहेरून चांगला दिसतो, म्हणून जुन्या टायरचे व्यापारी त्याला बरा भाव देतात आणि तो पुन्हा कुणाच्या तरी गाडीला लागतो. मालकाला विचारून साइडवॉलला कटरने आरपार छेद द्या आणि मगच भंगारात टाका.