‘जनपदसंपत्’ आणि ‘आज्ञापत्र’ : स्वावलंबी प्रदेशाचे दोन निकष

एखादा प्रदेश संकटकाळी स्वबळावर तग धरील किंवा नाही, हे कोणत्या लक्षणांवरून ओळखावे? या प्रश्नाला राजनीतिपर वाङ्मयाने दिलेली दोन उत्तरे तुलनेस विशेष उपयुक्त आहेत. एक कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील, दुसरे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या १७१५च्या ‘आज्ञापत्रा’तील. पैकी पहिल्या ग्रंथाची संहिता आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये म्हैसूरहून प्रसिद्ध केली आणि तिचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर १९१५ मध्ये बंगळुरूच्या शासकीय मुद्रणालयातून बाहेर पडले. या दोन ग्रंथांचा विचार प्रभावापेक्षा साधर्म्याच्या अंगाने करणेच इष्ट ठरते.

‘अर्थशास्त्रा’च्या सहाव्या अधिकरणात उत्तम जनपदाची लक्षणे एका विशेषणमालिकेत येतात. ते आपत्काली स्वतःचे आणि इतरांचेही धारण करणारे, रक्षणास व उपजीविकेस सुलभ, खारवट व खडकाळ जमिनीपासून मुक्त, गुरांना हितकर, तसेच ‘अदेवमातृक’, म्हणजे केवळ पावसावर विसंबून नसलेले, असावे. येथे योग्यता हा भूमीचा गुण म्हणून मांडला जातो.

‘आज्ञापत्रा’तील दुर्गप्रकरणाची वाक्यरचना निराळी आहे. गडासाठी प्रथम पाणी पाहावयाचे. ते नसेल आणि स्थळ तर आवश्यक असेल, तर खडक फोडून टाकी-तळी बांधावयाची. एखादा झरा पुरेसा आहे म्हणून निश्चिंत राहावयाचे नाही; तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात, म्हणून राखीव साठा हवाच. येथे विशेषणाची जागा विध्यर्थाने घेतली आहे. योग्यता सापडत नाही, ती घडवावी लागते, हा विचार क्रियापदांच्या रूपांतूनच व्यक्त होतो.

हा भेद आत्यंतिक मानता येत नाही. ‘अर्थशास्त्रा’च्याच दुसऱ्या अधिकरणात, जनपद वसविताना, नैसर्गिक किंवा बाहेरून आणलेल्या पाण्यावर सेतू बांधण्याचा विधी आहे. म्हणजे सहाव्या अधिकरणातील विशेषण हे दुसऱ्या अधिकरणातील विधीचे फलित ठरते. ‘आज्ञापत्र’ मात्र सिद्धी व साधना एकाच वाक्यात बांधते आणि सिद्धीविषयी कायम साशंक राहते.

हे दोन्ही निकष बंगळुरूस लावून पाहता येतात. १६३८ मध्ये शहाजीराजांकडे आलेल्या या पठारी मुलखास बारमाही मोठी नदी लाभलेली नाही. तेथील वस्ती पावसाचे पाणी अडविणाऱ्या तलावांवर पोसली गेली. निसर्गतः देवमातृक असलेला प्रदेश श्रमाने अदेवमातृक झाला. पुढे धर्मांबुधी तलावाच्या जागी बसस्थानक आले आणि शहर सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणलेल्या कावेरीच्या पाण्यावर विसंबू लागले. २०२४च्या उन्हाळ्यात अनेक कूपनलिका कोरड्या पडल्या, तेव्हा राखीव साठ्याविषयीचा अमात्यांचा आग्रह किती मूलगामी होता, हे प्रत्ययास आले. कौटिल्याची कसोटी त्याहून कठोर आहे : जे जनपद इतरांचे धारण करण्याऐवजी इतरांच्या पाण्यावर स्वतःचे धारण करते, त्याची संपन्नता त्या विशेषणमालिकेत बसत नाही. स्वावलंबन हे वर्णन नसून सातत्याने पाळावयाचे विधान आहे, हाच या दोन ग्रंथांच्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष होय.