आधी चौकट, मग काच



माझ्या वर्गातील एक मुलगी फळ्यावरील अक्षर दिसत नसतानाही चष्मा दप्तरात ठेवून बसे. कारण विचारले तेव्हा मान खाली घालून म्हणाली, "मुलं सोडावॉटरच्या बाटलीचं बूड म्हणून चिडवतात." तिचा नंबर उणे सहा होता. तो कमी करणे कोणाच्या हाती नव्हते; परंतु काचांची जाडी पुष्कळशी तिच्या मोठ्या चौकोनी चौकटीमुळे आली होती.

दूरचे अंधुक दिसणाऱ्यास उणे नंबराचे, म्हणजे अंतर्गोल भिंग लागते. ते मध्यभागी पातळ असून कडेकडे जाड होत जाते. मध्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की जाडीतील भर सुमारे चौपट होते. म्हणून लहान चौकटीसाठी भिंग कापताना त्याचा सर्वांत जाड भाग निघून जातो; मोठ्या चौकटीत तो शिल्लक राहतो. चौकोनी चौकटीचे कोपरे तर आणखी दूर पडतात.

दुसरी गोष्ट अशी की, भिंगाचा मध्य डोळ्याच्या बाहुलीसमोर यावा लागतो. चष्म्याच्या काडीवर आतून ५४ व १८ असे आकडे असतात. पहिला एका काचेची रुंदी सांगतो, दुसरा दोन काचांमधील नाकावरचे अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बेरीज झाली ७२. बाहुल्यांमधील अंतर ६२ असेल, तर प्रत्येक भिंगाचा मध्य ५ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागतो व कानशिलाकडील कड मध्यापासून ३२ मिलिमीटरवर जाते. १.५ अपवर्तनांकाच्या साध्या भिंगात, उणे सहा नंबराला, तेथे मध्यापेक्षा सुमारे ६ मिलिमीटर अधिक जाडी येते. चौकट ४६ व १८ ची घेतली, तर ही भर साडेतीनवर उतरते. उलट मोठी चौकट कायम ठेवून, प्रकाश अधिक वळविणारे १.६७ अपवर्तनांकाचे महाग भिंग घेतले, तरी ती साडेचारच्या आसपास राहते.

अधिक चिन्हाच्या नंबराचे भिंग मध्यभागी जाड असते. त्यालाही मोठी चौकट भोवते. कारण कड फार पातळ होऊ नये म्हणून मध्य जाड ठेवावा लागतो.

अर्थात चौकट कानशिले आवळणारी किंवा मुलाने काचेवरून पाहावे इतकी लहान नसावी. दूरचे व जवळचे एकाच काचेतून पाहणाऱ्यांना पुरेशी उंचीही हवी.

त्या मुलीच्या वडिलांनी पुढील खेपेस लहान, लंबगोल चौकट घेतली. काच साधीच ठेवली. आता तिचा चष्मा दप्तरात नसतो.