गाडीचा तोल

जळगाव जिल्ह्यात सुरत-भुसावळ लोहमार्गावर धरणगाव हे तालुक्याचे गाव आहे. भोवतालची जमीन काळी व कसदार असून कापूस हे तेथील जुने पीक होय. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी जोरात सुरू झाली, की शेतांकडून गावाकडे येणारे रस्ते भरलेल्या वाहनांनी गजबजून जातात. पूर्वी हा सारा माल बैलगाड्यांतून येत असे. आज पिकअप या नावाने ओळखली जाणारी छोटी मालमोटार ते काम करू लागली आहे. ज्या अंगणात एके काळी बैलगाडी सोडलेली असे, तेथे आता पुष्कळदा पिकअप उभी असलेली दिसते.

वाहन बदलले, तरी ओझ्याच्या तोलाचा प्रश्न मात्र बदललेला नाही. बैलगाडीचा साटा दोन चाकांच्या मधल्या आसावर तोललेला असतो. ओझे मागे अधिक झाले, तर गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि गळ्याखालचे जोते बैलांना आवळू लागते. ओझे पुढे अधिक झाले, तर सारा दाब बैलांच्या मानेवर येतो. म्हणून जाणता गाडीवान गाडी भरून झाल्यावर जू हाताने उचलून पाहतो. ते थोड्या जोराने उचलले जावे, परंतु आपण होऊन वर जाऊ नये, ही त्याची कसोटी. पिकअपला जू नसते. तिचा बिघडलेला तोल हाताला जाणवत नाही. तो डोळ्यांनी पाहावा लागतो, आणि डोळे पुष्कळदा फसतात.

रिकामी पिकअप सपाट जागेवर उभी असताना बाजूने पाहिली, तर तिचे नाक किंचित खाली व शेपूट वर दिसते. हे पाहून ‘गाडी पुढून बसली’ असे मालकास वाटते आणि घरच्या घरी काही ठोकळे घालून पुढची बाजू उचलावी, असा विचार त्याच्या मनात येतो. परंतु ही ठेवण दोष आहे की गुण, हे ठरविण्यापूर्वी गाडीचा भार कशावर तोललेला असतो, हे समजून घेतले पाहिजे.

पुष्कळशा पिकअप गाड्यांचा सांगाडा चाकांवर थेट टेकलेला नसतो. मध्ये पोलादी पाटे असतात. लांब, चपट्या व कमानीसारख्या वाकविलेल्या पट्ट्या एकीवर एक रचून मधोमध एका बोल्टने जखडलेल्या असतात. सर्वांत लांब पट्टीची दोन्ही टोके गोल वळविलेली असून ती सांगाड्याला जोडलेली असतात. त्यांपैकी एक टोक जागच्या जागी फिरते, तर दुसरे एका झुलत्या कडीला अडकविलेले असते. या कडीला कारागीर शॅकल म्हणतात. भार आला, की कमान सपाट होऊ लागते व तिची लांबी वाढते; ती वाढ सामावून घेण्यासाठी ही झुलती कडी लागते. पाट्यांचा मधला भाग यू-बोल्टांनी ॲक्सलला आवळलेला असतो. काही गाड्यांच्या पुढच्या बाजूस पाट्यांऐवजी गुंडाळीची स्प्रिंग असते. परंतु भार पेलण्याचे तत्त्व एकच.

ते तत्त्व रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केले. स्प्रिंगवर जितका भार पडतो, तितक्याच प्रमाणात ती दबते. समजा, एखादा पाटा १०० किलोग्रॅम भाराने १ सेंटिमीटर दबत असेल, तर ३०० किलोग्रॅम भाराने तो ३ सेंटिमीटर दबेल. आता पिकअपकडे पाहू गेल्यास, इंजिन पुढे असल्यामुळे पुढच्या पाट्यांवर रिकामेपणीही मोठा भार असतोच. मागचे पाटे मात्र मुख्यतः मालाची वाट पाहत असतात. रिकाम्या गाडीत ते थोडेच दबलेले असतात, म्हणून शेपूट वर राहते. माल भरला, की मागची बाजू पुष्कळ खाली येते, पुढची थोडीच येते, आणि गाडी समतल होते. गाडी बनविणाऱ्याने तोल साधलेला असतो तो भरलेल्या गाडीचा, रिकाम्या गाडीचा नव्हे.

हा तोल माल कोठे ठेवला यावरही अवलंबून असतो. समजा, पुढच्या व मागच्या ॲक्सलमधील अंतर ३०० सेंटिमीटर आहे आणि १,००० किलोग्रॅम मालाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे येतो. तरफेच्या नियमाने त्यापैकी १०० किलोग्रॅम भार पुढच्या चाकांवर व ९०० किलोग्रॅम मागच्या चाकांवर पडेल. हाच माल मागे सरकून त्याचा मध्य ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे गेला, तर मागच्या चाकांवर १,१०० किलोग्रॅम भार येईल आणि पुढच्या चाकांवरचा मूळचा भार १०० किलोग्रॅमने कमी होईल. गाडी उलाळ झाली ती हीच. पुढची चाके हलकी झाली, की स्टिअरिंग ढिले वाटू लागते आणि वळणावर गाडी चालकाचे म्हणणे लवकर ऐकत नाही.

पुढची बाजू उगाच उचलण्याचा दुसरा परिणाम रात्री दिसतो. समजा, ठोकळे घालून नाक ६ सेंटिमीटर वर नेले. ३०० सेंटिमीटर लांबीवर ६ सेंटिमीटर, म्हणजे शंभरास दोन असा चढ झाला. गाडीच्या दिव्यांचा झोतही तितकाच वर वळतो. २५ मीटर अंतरावर तो ५० सेंटिमीटर आणि ५० मीटर अंतरावर १ मीटर वर सरकतो. जो प्रकाश रस्त्यावर पडावयाचा, तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. रात्री कापूस घेऊन येणाऱ्या बैलगाडीला दिवा नसेल, तर दिपलेल्या डोळ्यांच्या दुसऱ्या चालकास ती दिसणारही नाही. अंगणात केलेली एवढीशी करामत रस्त्यावर परक्याच्या जिवावर बेतू शकते.

असे असले, तरी गाडी कधी खरोखरच पुढून बसत नाही, असे नाही. काळी माती पावसात फुगते व उन्हात भेगाळते. तिच्यावरचे रस्ते उंचसखल होतात. वर्षानुवर्षे धक्के खाऊन पाट्यांची कमान उतरते, एखादी पट्टी तडकते, टोकांतील बुश झिजतात किंवा झुलती कडी गंजून अडकते. हा दोष ओळखण्यासाठी मोजपट्टी हेच खरे साधन होय, आणि हे काम घरी सहज करता येते.

त्यासाठी फरशीची किंवा सिमेंटची सपाट जागा निवडावी. चारही चाकांत ठरलेली हवा भरावी. गाडी रिकामी असावी व ती थोडी पुढेमागे करून उभी करावी, म्हणजे पाटे आपापल्या जागी बसतात. मग प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजून वहीत लिहावे. डावी व उजवी बाजू ताडून पाहावी. समजा, डावीकडे ४८ सेंटिमीटर आणि उजवीकडे ४५ सेंटिमीटर आले, तर उजव्या पाट्यात बहुधा काही बिघाड आहे. दोन्ही बाजू सारख्या असतील, तर गाडीच्या माहितीपुस्तिकेतील माप अथवा त्याच जातीच्या चांगल्या गाडीचे माप पाहावे. शेवटी नेहमीचा माल भरून पुन्हा सर्व मापे घ्यावीत. भरलेली गाडी समतल उभी राहत असेल, तर दुरुस्तीचे कारणच उरत नाही.

पाटे धुऊन पाहताना गाडीखाली जावे लागते. त्या वेळी केवळ जॅकवर कधीही विश्वासू नये. काळ्या मातीत जॅक रुततो व एकाएकी कलतो. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढूनमागून दगड लावून, सांगाड्याखाली भक्कम घोड्या देऊन, मगच काम करावे.

दोष सापडल्यावर मोह होतो तो पुढचा ॲक्सल व पाटे यांच्यामध्ये ठोकळा बसविण्याचा. ब्रेक दाबला, की गाडीचा भार पुढे झुकतो आणि पुढचा ॲक्सल पिळवटू पाहतो. मध्ये ठोकळा असला, तर तो तरफेसारखा वागून हा पीळ वाढवितो. यू-बोल्ट ढिले पडतात व ॲक्सल जागेवरून सरकू शकतो. ज्या क्षणी गाडी थांबावयास हवी, नेमक्या त्याच क्षणी ती हातची जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२व्या कलमानेही गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास बंदी घातली आहे.

खरा उपाय म्हणजे उतरलेले पाटे बदलणे किंवा जाणत्या कारागिराकडून त्यांना पुन्हा कमान देणे. विळा किंवा कुऱ्हाड घडविणारा लोहार पोलाद तापवून त्याला पाणी देतो, हे खेड्यातील सर्वांस ठाऊक असते. पाट्यांचेही तसेच आहे. गॅसच्या ज्योतीने पाटा घरी तापवून वाकविला, तर त्याचे पाणी उतरते आणि तो थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो किंवा मोडतो. पाटे शक्यतो दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. नवा व जुना यांची जोडी जमत नाही. काम झाल्यावर थोडा प्रवास करून यू-बोल्ट पुन्हा आवळावेत, चाकांची सरळ रेषा तपासावी आणि दिव्यांचा झोत नीट करून घ्यावा.

जू उचलून पाहणारा गाडीवान आणि मोजपट्टी घेऊन चाकाजवळ बसलेला पिकअपचा मालक यांच्या साधनांत मोठा फरक आहे. परंतु दोघांचा प्रश्न एकच आहे. ओझे कोठे आहे व ते कोण पेलते, हे जाणल्याशिवाय तोल साधत नाही. अंगणात उभी असलेली रिकामी गाडी कशी दिसते, याला फारसे महत्त्व नाही. माल भरून, अंधाऱ्या रस्त्याने, आपल्यासह इतरांनाही सुखरूप ठेवून ती घरी परतते, तेव्हाच तिचा तोल खरा म्हणावयाचा.