कर्नलची जागल

ज्वारी भरू लागली की बुलढाण्याच्या शिवारात रात्रीची जागल सुरू होते. लिनक्सच्या कर्नलमध्येही असा एक जागल्या असतो, वॉचडॉग. एखादा प्रोसेसर एकाच कामात अडकून 20 सेकंदांहून अधिक काळ इतर कामांना वाव देईना, तर तो 'सॉफ्ट लॉकअप'ची हाक देतो. इंटरप्टलाही 10 सेकंद दाद मिळेना, तर 'हार्ड लॉकअप'ची.

आभासी यंत्रात मात्र घोळ होतो. मूळ सर्व्हर अनेक यंत्रांना पाण्याच्या पाळीसारखा वेळ वाटून देतो. गर्दीत पाळी लांबली, की काहीही न बिघडता खोटी हाक उठते. म्हणूनच केव्हीएम या आभासीकरणाच्या व्यवस्थेवर चालणाऱ्या लिनक्स यंत्रात हार्ड लॉकअपची तपासणी सहसा सुरुवातीपासूनच बंद असते.

वॉचडॉगची 10 सेकंदांची मर्यादा 60 पर्यंत वाढवता येते; सॉफ्ट लॉकअपची मर्यादा नेहमी तिच्या दुप्पट. शून्य केली, तर पहारा बंद. पण आधी आभासी यंत्रात 'टॉप' या आज्ञेने दिसणारा 'एसटी' आकडा पाहा. दुसऱ्यांनी पळवलेला वेळ तो दाखवतो. तो मोठा असेल, तर सर्व्हरवरचा भार कमी करा. जागल्याला घरी पाठवू नका.