गर्भधारणेचे पहिले दिवस आणि मायक्रोआरएनए

बालरोगतज्ज्ञाने डुकरिणीच्या अंडाशयावर लिहावे, याचे व्यवसायबंधूंना नवल वाटेल. परंतु माझ्यापुढे येणाऱ्या प्रत्येक बालकाचा इतिहास अंडाशयातील पीतपिंडापासूनच सुरू झालेला असतो.

बीज बाहेर पडल्यावर उरलेल्या पुटकाचा पीतपिंड बनतो आणि गर्भ टिकविणारे प्रोजेस्टेरॉन स्रवतो. मानवात सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास हे काम वार स्वतःकडे घेते. डुकरिणीत मात्र सुमारे ११४ दिवसांच्या संपूर्ण गर्भकाळात पीतपिंडावाचून निभाव लागत नाही. म्हणून त्याच्या अभ्यासास हा प्राणी सोयीचा.

तिचे ऋतुचक्र २१ दिवसांचे. गर्भ नसल्यास गर्भाशयातील प्रोस्टाग्लँडिन रक्तावाटे येऊन पीतपिंडाचा ऱ्हास घडविते. गर्भ असल्यास ११व्या-१२व्या दिवशी तो इस्ट्रोजेन स्रवून आपल्या आगमनाची वर्दी देतो. प्रोस्टाग्लँडिन गर्भाशयाच्या पोकळीकडे वळते आणि पीतपिंड तगतो.

पेशीच्या आत या घडामोडींवर अंकुश ठेवणाऱ्यांत मायक्रोआरएनए येतात. सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे हे तुकडे स्वतः प्रथिन घडवीत नाहीत. संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिननिर्मिती रोखतात. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांनी १९९३ साली एका सूक्ष्म कृमीत त्यांचे कार्य उलगडले आणि २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळविले. डुकरिणीच्या पीतपिंडातही हे रेणू आढळतात व अवस्थेनुसार त्यांचे प्रमाण बदलते. त्यांचे महत्त्व उंदरांवरील २००८ च्या प्रयोगाने ठळक केले. मायक्रोआरएनए घडविणारे डायसर हे विकर अपुरे असलेल्या माद्यांच्या पीतपिंडात रक्तवाहिन्या नीट वाढल्या नाहीत, प्रोजेस्टेरॉन घटले आणि त्या वंध्य ठरल्या.

हे निष्कर्ष मानवाला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. आपल्याकडे गर्भाची वर्दी इस्ट्रोजेन नव्हे, एचसीजी देते. मायक्रोआरएनएची तपासणीही गर्भपाताच्या नित्याच्या निदानात अद्याप रुजलेली नाही.

तरीही एक बोध घ्यावासा वाटतो. डुकरिणीचे सुमारे २० ते ३० टक्के भ्रूण पहिल्या महिन्यातच नष्ट होतात. मानवातही आरंभीच्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांच्या मुळाशी गुणसूत्रांतील दोष असतो. आपल्या घरांत मात्र दोष सुनेच्या पदरी पडतो: पपई खाल्ली, जिने चढली. ज्या गोष्टी रेणूंच्या पातळीवर ठरतात, त्यांसाठी त्या माउलीस अपराधी ठरविणे अन्यायाचे आहे. हे कुटुंबास बसवून समजावून सांगणे, हाही आपल्या उपचारांचाच भाग होय.