परसातील भट्टी

आमच्या स्वयंपाकघरात एक जुनी विळी आहे. तिचा पाट अजून शाबूत आहे; पाते मात्र झिजून झिजून निम्म्यावर आले आहे. आजीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात गंगाखेडकडील एका खेड्यातील लोहाराकडून ती घडवून आणली होती, असे घरात सांगतात. मध्यंतरी बाजारातून नवी चकचकीत विळी आली. ती गंजत नाही हे खरे; परंतु चार महिन्यांत तिची धार गेली, आणि पुन्हा लावू म्हटले तर ती टिकेना. तेव्हा वडील मंडळींपैकी कोणीतरी सहज विचारले, "त्या जुन्या विळीला नवे पाते कोण घालून देईल?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. ज्या घरात ती विळी घडली, त्या घरात आज ऐरणीवर कोणी बसत नाही. या एका प्रश्नापायी आमच्या परसात भट्टी पेटली.

भट्टीचा विचार मी बोलून दाखविताच घरात दोन पक्ष पडले. तरुण मंडळींना मौज वाटली. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे पडले की, आपल्या घरात पोथी असते, लेखणी असते, ऐरण कशासाठी? या आक्षेपाचे उत्तर मी नव्हे, महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासाने पूर्वीच दिलेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. पुढे त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान घातले, मग कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने शेतकरी त्या नांगरास प्रथम हात लावीनात. तरीही त्यांनी धीर सोडला नाही, आणि १९१० साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शिकलेल्या माणसाचा हात लोखंडाने काळा झाला म्हणून त्याची विद्या कमी होत नाही. हे ऐकून वडील मंडळी अगदीच राजी झाली असे नव्हे. पण "घराला आग लावू नका म्हणजे झाले," एवढ्या अटीवर परवानगी मिळाली.

वही मिटविण्याचा धडा

शिक्षकाच्या सवयीप्रमाणे मी प्रथम पुस्तके वाचली, आकडे टिपून घेतले आणि वही घेऊन एका वृद्ध लोहाराच्या मांडवात जाऊन बसलो. उन्हाळ्याचे दिवस होते. मृगापूर्वी वखराच्या पासा व कुऱ्हाडी शेवटून नेण्यास शेतकरी येत होते. एका तापलेल्या पासेकडे बोट दाखवून मी विचारले, "आबा, आता किती अंश उष्णता असेल?" त्यांनी माझ्या वहीकडे पाहिले आणि म्हणाले, "वही मिटा, मास्तर. लोखंड वहीत बघून तापत नसतंय. इस्तवाकडं बघा."

तो मांडव इतका अंधारा का, हेही त्याच दिवशी कळले. मला वाटे, ते दारिद्र्याचे लक्षण असावे. वस्तुतः लोखंडाचा रंग उन्हात दिसतच नाही. काळपट तांबडा, बोरासारखा लाल, केशरी, पिवळा या छटा सावलीतच ओळखता येतात, आणि लोहाराची सर्व विद्या या छटांत आहे. गृहिणींना हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. लाडवाचा पाक एकतारी झाला की दोनतारी, हे त्या कोणत्याही यंत्राने मोजीत नाहीत. बोटांच्या चिमटीत पाहतात, आणि क्षणभर उशीर झाला तर पाक हातचा जातो. लोखंडाचेही तसेच आहे.

लोखंडाची जात

लोखंड म्हणून आपण ज्याला ओळखतो ते सगळे एक नव्हे. भेद पडतो तो त्यात मुरलेल्या कार्बनाच्या अंशाने. खिडकीच्या गजात हा अंश सामान्यतः शेकडा पाव भागाहूनही कमी असतो. म्हणून तो सहज वाकतो, पण त्याला धार राहत नाही. मोटारीच्या कमानपाट्यात तो शेकडा अर्ध्याहून किंचित अधिक असतो, आणि जुन्या चांगल्या कानशीत एक किंवा त्याहून थोडा जास्त. बिडात तो दोनाहून अधिक असतो. बीड ओतता येते, घडविता येत नाही. तापवून घाव घातला की त्याचे तुकडे होतात.

घरच्या हौशी कारागिराने आरंभ कमानपाट्यापासून करावा. भंगाराच्या दुकानात तो मिळतो, आणि खेड्यापाड्यांतील लोहारही कोयते व खुरपी बहुधा त्याचीच करतात. तुकडा कोणत्या जातीचा आहे याची शंका असल्यास त्याचे टोक लाल करून पाण्यात बुडवावे, फडक्यात गुंडाळावे आणि डोळे सांभाळून हातोडीने मोडून पाहावे. काडकन मोडले तर ते पोलाद. नुसते वाकले तर धारेच्या कामाचे नव्हे.

सामान व घडण

सामान थोडके लागते. एक जुने लोखंडी घमेले घेऊन आम्ही ते माती व राख कालवून आतून जाड लिंपले, बाजूने एक नळी बसविली आणि नळीस हाताने फिरविण्याचा लहान पंखा जोडला. चामड्याच्या भात्याचे काम हा पंखा करतो. इंधन बाभळीचा कोळसा. ऐरण म्हणून वीस-पंचवीस किलोंचा एक भरीव ठोकळा लाकडाच्या ओंडक्यावर पक्का बसविला. किलोभर वजनाची हातोडी, लांब दांड्याची सांडस, छिन्नी, दोन कानशी आणि पाण्याची बादली एवढ्यावर काम चालते.

पहिली वस्तू खुरपे असावी. कारण ते लहान असून त्यात घडणीचे बहुतेक प्रकार येतात. वीतभर तुकडा केशरी-पिवळा होईपर्यंत तापवावा. त्या वेळी उष्णता सुमारे हजार अंश सेंटिग्रेड असते. मग एका टोकाला मुठीत जाणारा निमुळता भाग ओढावा, दुसरे टोक रुंद व पातळ करावे. रंग काळपट तांबडा झाला की हात आवरावा. त्यापुढे घाव घातल्यास न दिसणाऱ्या चिरा पडतात. उलट लोभाने फार तापविले आणि तुकड्यातून फुलबाज्यासारख्या ठिणग्या उडू लागल्या, तर ते पोलाद जळाले म्हणून समजावे. जळालेले पोलाद पुन्हा सुधारत नाही. घडण झाल्यावर वस्तू एकदा लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवावी, म्हणजे ती मऊ होते व कानशीने आकार देता येतो.

पाणी देणे

येथवर मेहनतीचे काम झाले. विद्येचे काम पुढे आहे. त्यास लोहार 'पाणी देणे' म्हणतात. पोलाद लाल करून एकदम निवविले की आतील कार्बन जागच्या जागी अडकून पडतो व धातू अतिशय कठीण होतो. किती लाल करावे, यासाठी नवशिक्यास लोहचुंबकाचा आधार घेता येतो. सुमारे ७७० अंशांवर लोखंडास चुंबक चिकटेनासा होतो. त्याहून थोडे अधिक तापवून मग बुडवावे.

माझे पहिले खुरपे मी थंड पाण्यात बुडविले. "टिंग" असा बारीक आवाज आला आणि पात्यास आडवी चीर गेली. दोन रविवारांची मेहनत त्या आवाजाबरोबर गेली. कमानपाट्याला पाण्याचा हिसका सोसत नाही, त्यास तेल हवे. आमच्याकडे करडईचे तेल सहज मिळते. ते कोमट करून त्यात दुसरे खुरपे बुडविले. चीर गेली नाही. परंतु त्यावर दुसरा संस्कार न करताच मी ते वापरावयास दिले, आणि पहिल्याच दगडाशी त्याचा टवका उडाला. आबा हसले नाहीत. ते म्हणाले, "पानी दिलं, पर उतरवलं न्हाई."

हे 'उतरविणे' म्हणजे कठीण झालेली वस्तू घासून उजळ करणे व पुन्हा हळूहळू तापविणे. उजळ पृष्ठावर रंग चढत जातात: सुमारे २२० अंशांवर फिकट पिवळा, २५०-२६० वर तपकिरी, २८० च्या सुमारास जांभळा आणि ३०० जवळ निळा. जसजसा रंग चढतो तसतसा कठीणपणा थोडा घटतो व चिवटपणा वाढतो. दगडाशी गाठ पडणाऱ्या खुरप्यास जांभळा-निळा रंग हवा. केवळ भाजी चिरणाऱ्या विळीस तपकिरी पुरे.

गोदाकाठचे पोलाद

ही विद्या आपल्या भागास परकी नाही. आमच्या जिल्ह्यातून वाहत जाणारी गोदावरी नांदेड ओलांडून तेलंगणात शिरते. त्या बाजूला निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. १९४८ पर्यंत परभणी व ते गाव एकाच निजामी राज्यात होते. तेथे मातीच्या मुशीत होणारे पोलाद विकत घेण्यास इराणचे व्यापारी येत, आणि दमास्कसच्या म्हणून गाजलेल्या तलवारींस असे हिंदी पोलाद लागे. युरोपीय शास्त्रज्ञांना त्याचे मोठे कोडे होते. मायकेल फॅरडे यानेही १८१९ साली या पोलादाचे पृथक्करण प्रसिद्ध केले. फॅरडे स्वतः लोहाराचा मुलगा. तरी त्याने या पोलादाच्या गुणाचे कारण अॅल्युमिनियम व सिलिका यांत शोधले, आणि ते चुकले. खरा वाटा विपुल कार्बनाचा व तो हळूहळू निवविण्याच्या कौशल्याचा होता, हे पुढे कळले. फॅरडेसारख्यास जे उलगडले नाही, ते निरक्षर कारागीर रंग पाहून रोज करीत होते.

सावधगिरी

भट्टी उघड्यावर किंवा खूप वारा खेळणाऱ्या पडवीत असावी. कोळशाच्या विषारी वायूस वास नसतो. जस्ताचा मुलामा असलेले लोखंड कधीही तापवू नये, त्याचा धूर बाधतो. अंगात सुती कपडे, पायात जोडे, डोळ्यांवर चष्मा हवा. तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी न ओतता झाकण टाकावे. आणि मुलांना एक गोष्ट पक्की सांगावी: लाल लोखंडापेक्षा नुकते काळे झालेले लोखंड अधिक फसवे, ते थंड दिसते, पण हात सोलून काढते. शेजाऱ्यांच्या वामकुक्षीच्या वेळी घाव घालू नयेत, हे सांगणे नलगे.

ऋण

आता मनात सलणारा प्रश्न. आपण हौसेने खुरपी घडविली तर लोहाराच्या पोटावर पाय येतो काय? मला वाटते, त्याच्या पोटावर पाय आला तो दुसरीकडून. नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली, फाळ कारखान्यातून आले, खळ्यावरचे बलुते बंद पडले. आबांचा मुलगा शहरात नोकरीस आहे. त्याने जावे असे आबांनाही वाटत होते. रस्त्याकडेला पाले ठोकणारे घिसाडी अजून दिसतात. पुरुष सांडशीत लोखंड धरतो आणि त्याची बायको घण घालते. आपण मोटारीतून तो देखावा पाहतो आणि पुढे जातो.

आपल्या घरांनी पिढ्यानपिढ्या विद्येचा मान केला. परंतु विद्या म्हणजे जी लिहिली जाते ती, अशी आपली समजूत होती. लोहाराला आपण पायलीभर धान्य दिले. त्याला विद्वान कधी म्हटले नाही. त्या मांडवात बसून दोन खुरपी बिघडविल्यावर मला ही चूक उमगली. हौशी माणसाने निदान एवढे करावे: ज्याच्याकडून शिकला त्यास गुरुदक्षिणा रोख द्यावी, आणि घरचे विळे-कोयते त्याच्याकडूनच योग्य मोलाने करून घ्यावेत. ज्याने स्वतः एक पाते घडविले आहे, तो लोहाराशी घासाघीस करूच शकत नाही.

माझे तिसरे खुरपे शेतावर निंदणीस येणाऱ्या एका बाईंना दिले. दिवसभर कपाशीत निंदून त्यांनी ते परत आणले. "धार लई झ्याक हाय, दादा," त्या म्हणाल्या, "पर मनगट दुखतंय, जरा हलकं करा." मी आबांना हा निकाल सांगितला, तेव्हा ते प्रथमच हसले.

विळीचे पाते गेल्या महिन्यात झाले. घडण माझी, पाणी मात्र मी दिले नाही, ते आबांनी दिले. जुन्या पाटावर ते बसवून आजीपुढे ठेवले. तिने अंगठ्याने धार पाहिली, एक कांदा चिरला आणि विचारले, "कोणत्या लोहाराकडून आणलेस?"